लढाई संपल्यावर उरलेला वीर : ऑथेल्लो, मॅकबेथ, कोरिओलेनस

पडद्यामागचा (धागाकर्ता)

शेक्सपिअरच्या शोकांतिकांची आपल्याकडे एक ठरलेली वाटणी आहे. ऑथेल्लो म्हणजे मत्सर, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, कोरिओलेनस म्हणजे गर्व. वर्गात असंच शिकवतात आणि परीक्षेतही असंच लिहिलं जातं. ही तिन्ही नाटकं लागोपाठ वाचल्यापासून मला ही वाटणी अपुरी वाटू लागली आहे. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, पण पेशा एकच. तिघेही लढवय्ये आहेत, नाटक सुरू होतं तेव्हा तिघांचंही नाव तलवारीमुळे गाजतंय, आणि तिघांचाही घात लढाई थांबल्यावर होतो. माझं म्हणणं असं की या शोकांतिकांचं मूळ त्या पेशात शोधावं. लढण्यापलीकडे ज्याला स्वतःची ओळखच नाही, तो शत्रू संपल्यावर घरात शत्रू शोधतो.

ऑथेल्लोपासून सुरुवात करतो. ही गोष्ट शेक्सपिअरने चिंथियोच्या १५६५ सालच्या इटालियन कथासंग्रहातून घेतली. मूळ कथेत तुर्कांची स्वारी नाहीच. सायप्रसची शिबंदी बदलायची वेळ येते म्हणून मूर (उत्तर आफ्रिकी वंशाच्या) सेनानीला तिकडे धाडतात, एवढंच. शेक्सपिअरने त्यात मुद्दाम युद्ध आणलं. पहिल्या अंकात व्हेनिसचं सिनेट रात्री भरलंय, तुर्की गलबतं किती यावर खलबत चाललंय. एकाच्या पत्रात १०७, दुसऱ्याच्या १४०, तिसऱ्याच्या २००. आकडे जुळत नाहीत, पण धोका खरा आहे आणि माणूस हवाय तो ऑथेल्लो. मग दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच वादळ होतं आणि ते सगळं तुर्की आरमार बुडतं. युद्ध संपलं! एकही तलवार न उपसता.

इतक्या खटपटीने आणलेलं युद्ध नाटककार असं बुडवून का टाकतो? कारण त्याला हवा होता एका बेटावर अडकलेला, कामच न उरलेला सेनापती. सोबत नवी बायको, खाली रिकामं बसलेलं सैन्य, रात्री दारू आणि मारामारी. सात वर्षांचा असल्यापासून आपले हात रणांगणातच राबले, असं ऑथेल्लो सिनेटपुढे सांगतो. युद्धाची दगडी-पोलादी शेजच सवयीने आपल्याला पिसांची गादी झाली आहे, असंही म्हणतो. त्या माणसाला आता खऱ्या गादीवर झोपायचं आहे, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नाही.

तिसऱ्या अंकातला तो निरोपाचा उतारा पाहा. त्याच्या हाताखालच्या इयागोने बायकोबद्दल संशयाचं विष नुकतंच कालवलंय. बायकोवर संशय आलेला माणूस बायकोबद्दल बोलेल असं आपल्याला वाटतं. ऑथेल्लो निरोप घेतो तो तुरेवाल्या पलटणींचा, खिंकाळणाऱ्या घोड्यांचा, नगाऱ्यांचा, तोफांचा, आणि शेवटी म्हणतो की ऑथेल्लोचा पेशाच संपला. डेस्डेमोना गेली म्हणजे फौज गेली, हे कुठलं तर्कशास्त्र? पण त्याच्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. मी भोगलेल्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केलं, असं त्यानेच सांगितलेलं आहे. तिने प्रेम केलं ते त्या शूराच्या कहाणीवर. ती कहाणी खोटी ठरली तर तो कोण?

थोडा काळाचा संदर्भही लक्षात घ्या. इंग्लंड आणि स्पेन यांची लढाई १५८५ पासून चालली होती आणि तह झाला ऑगस्ट १६०४ मध्ये. ऑथेल्लोचा राजदरबारातला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ चा. नाटक बहुधा तहाच्या थोडं आधी लिहून झालं असावं, तेव्हा तहावरचं भाष्य असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री पाहायला बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं उभं आयुष्य युद्धात गेलेलं होतं आणि युद्ध नुकतंच मिटलं होतं.

मॅकबेथबद्दल थोडक्यात. तो रंगमंचावर येण्याआधी त्याची कीर्ती येते, तीही रक्ताने माखलेल्या एका जखमी सैनिकाच्या तोंडून: मॅकबेथने बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उसवला आणि त्याचं मुंडकं तटावर रोवलं. हे ऐकून राजा डंकन म्हणतो, वा रे माझा शूर भाऊ! पुढे तोच हात त्याच राजावर चालतो. मॅकबेथ हा काही मूळचा कोवळा माणूस नाही. माणसं मारणं हा त्याचा गुण आहे आणि त्याच गुणाबद्दल त्याला नवी सरदारकी मिळालेली आहे.

तुमची मतं वाचायला आवडतील. कोरिओलेनस मी मुद्दाम मागे ठेवला आहे, त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे इथे आहेत.

---

कृष्णाकाठ

धागा आवडला. वादळाचा मुद्दा तर फारच. एक भर घालतो.

ऑथेल्लोच्या बाबतीत शौर्य ही त्याची नागरिकता आहे. व्हेनिसमध्ये तो परका, काळा, बाहेरून आलेला. डेस्डेमोनाचा बाप त्याला घरी बोलावून लढायांच्या गोष्टी ऐकत होता, जीव लावत होता. मुलीने लग्न केल्याबरोबर तोच बाप चेटूक केल्याचा आरोप घेऊन सिनेटपुढे उभा राहतो. सिनेट ऑथेल्लोच्या बाजूने निकाल देतं, पण कोणत्या रात्री? तुर्क सायप्रसवर चालून येत असताना. तुर्क नसते तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न ऑथेल्लोला पडत नसेल असं मला वाटत नाही. मॅकबेथ लढायचा थांबला तरी स्कॉटिश सरदारच राहतो. ऑथेल्लोला ती सोय नाही.

जाता जाता आपल्या रंगभूमीचं. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लो मराठीत आणलं तेव्हा नायकाचं नाव ठेवलं झुंझारराव. त्यांनी मत्सरावरून नाव ठेवलं नाही, धागाकर्त्यांच्या बाजूचं एक जुनं मत समजा.

---

टिपकागद

मला एवढं सहज पटत नाही. 'लढाई थांबते म्हणून वीर कोसळतो' हे खरं मानलं तर शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याच्या टॅम्बरलेनचं काय करायचं? हे नाटक १५८७ च्या सुमाराचं, म्हणजे शेक्सपिअरच्या या सगळ्या वीरांच्या आधीचं, आणि लंडनच्या रंगभूमीवर योद्धा-नायकाचा साचा त्यानेच घातला. टॅम्बरलेन मेंढपाळ आहे. पहिल्याच अंकात तो मेंढपाळाचे कपडे अंगावरून उतरवून फेकतो, खाली चिलखत आणि हातात तलवार. त्या क्षणापासून त्याचं युद्ध थांबतच नाही. वेढा घालताना पहिल्या दिवशी पांढरे तंबू, दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी काळे. काळे लागले की शहरात कोणालाही जीवदान नाही.

आणि तरीही त्याच्या घरात रक्त सांडतंच. दुसऱ्या भागात तो मुलांना जखमेची भीती वाटू नये म्हणून स्वतःचा दंड कापून दाखवतो, जखम म्हणजे काहीच नाही म्हणतो, त्यांना त्या रक्तात बोटं घालायला लावतो. दोन मुलं तयार होतात. तिसरा, कॅलिफस, म्हणतो की हे बघवत नाही. पुढे लढाई चालू असताना तो तंबूत पत्ते खेळत बसतो. टॅम्बरलेन जिंकून परत येतो आणि त्याला स्वतःच्या हाताने मारतो. वर हुकूम करतो की या भेकडाला पुरताना माझ्या साध्या शिपायानेसुद्धा हात विटाळायचे नाहीत, बंदी करून आणलेल्या तुर्की बायकांनी पुरावं.

तेव्हा युद्ध चालू असो वा थांबलेलं, ही ओळख घरातल्यांना खातेच. फरक एवढाच की टॅम्बरलेन पस्तावत नाही. त्याला शेवटी आजारपण नेतं, आणि मरतानाही तो जगाचा नकाशा मागवतो, जिंकायचं काय काय राहिलं ते मुलांना दाखवायला.

---

पडद्यामागचा

@टिपकागद, हा आक्षेप मोलाचा आहे. कॅलिफसचा प्रवेश मी या अंगाने वाचला नव्हता. पण मला वाटतं तुम्ही शेवटी जो फरक सांगितला तोच इथे महत्त्वाचा आहे. टॅम्बरलेनला आपल्या ओळखीबद्दल शंका यायला सवडच मिळत नाही. मार्लो त्याला एका मोहिमेतून दुसऱ्या मोहिमेत ढकलत राहतो. शेक्सपिअर त्याच माणसाला थांबवतो आणि पाहतो. म्हणून मला टॅम्बरलेन भव्य वाटतो, शोकात्म वाटत नाही. डमास्कसच्या वेढ्यात सौंदर्य म्हणजे काय यावर तो एक विलक्षण स्वगत बोलतो, तेवढ्यापुरता तो थांबतो. पण त्याआधीच शहरातल्या दयेची भीक मागायला आलेल्या मुलींना त्याने भाल्यांवर पाठवलेलं असतं.

---

सातवा अंक

धागाकर्त्यांनी माझ्यासाठी जागा सोडली आहे असं समजून कोरिओलेनसवर लिहिते.

या नाटकात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे जखमा. केअस मार्शिअस, म्हणजेच आपला कोरिओलेनस, शत्रूचं कोरिओली शहर जिंकून येतोय. आई व्हॉलम्निया आणि म्हातारा मेनिनिअस वाट पाहतायत. तो कुठे कुठे जखमी झाला याची चौकशी चालते. खांदा, डावा दंड. आई खूष, कारण निवडणुकीला उभा राहील तेव्हा लोकांना दाखवायला मोठमोठे वण असतील. या स्वारीआधी २५ होत्या, असं ती सांगते. मेनिनिअस म्हणतो, आता २७ झाल्या. बायको व्हर्जिलिया शेजारीच उभी आहे. मुलाच्या अंगावरच्या जखमा ही आई दागिने मोजावेत तशी मोजते, आणि बायको मात्र देवाकडे मागते की रक्त नको.

आता रोमची रीत अशी की कॉन्सलपद, म्हणजे तिथलं सर्वोच्च पद, हवं असेल तर साधा झगा घालून बाजारात उभं राहायचं, लोकांना जखमा दाखवायच्या आणि त्यांची मतं मागायची. थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराचं इंग्रजी भाषांतर केलं, शेक्सपिअरच्या हाताशी तेच होतं. त्या प्लुटार्कमध्ये हा माणूस इतरांसारख्याच आपल्या जखमा लोकांना दाखवतो. शेक्सपिअरचा कोरिओलेनस दाखवत नाही. झगा घालतो, मतं मागतो, पण जखमा एकांतात दाखवीन म्हणून टाळतो. हा एवढा बदल नाटककाराने केला आणि सगळं नाटक त्याभोवती फिरलं.

याला निव्वळ गर्व म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या लेखी जखम ही लढाईत झालेली गोष्ट, तिचा भाव ठरवायचा नाही. ती बाजारात दाखवली की तिची किंमत होते आणि किंमत लोक ठरवतात. लोकांच्या बाजूनेही पाहा, नाटक उघडतं तेच धान्यासाठी काठ्या-सोटे घेऊन निघालेल्या उपाशी माणसांवर. १६०७ मध्ये इंग्लंडच्या मध्य भागात शेतजमिनी कुंपणं घालून बळकावल्याबद्दल उठाव झाला होता आणि हे नाटक त्याच सुमाराचं. ज्या पुढाऱ्याला आपली भूक दिसत नाही, त्याच्या जखमा तरी आपल्याला दिसाव्यात, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मधे बोलणारं कोणी नाही.

आणि त्याची आई. मला बारा मुलगे असते तर एक चैनीत लोळण्यापेक्षा अकरा देशासाठी मेलेले चालले असते, म्हणणारी. कोवळ्या वयात त्याला रणात पाठवणारी. तुझं शौर्य माझं, ते तू माझ्या दुधातून घेतलंस, गर्व तेवढा तुझा स्वतःचा, असं त्याला तोंडावर सांगणारी. रोमने हद्दपार केल्यावर तो शत्रूला, व्होल्शियन लोकांना, जाऊन मिळतो आणि रोमवरच चालून येतो. पाचव्या अंकात हीच आई शत्रूच्या छावणीत त्याच्यापुढे गुडघे टेकते, रोम वाचव म्हणून. तो काही बोलत नाही, नुसता तिचा हात धरून उभा राहतो. संहितेतली रंगसूचनाही तशीच आहे: तिचा हात धरतो, निःशब्द. मग म्हणतो, आई, आई, हे काय केलंस! जिने घडवलं तिनेच मोडलं. ती त्याला पहिल्यांदाच दया दाखवायला सांगते आहे आणि त्याचा अर्थ मरण आहे, हे त्याला कळलंय.

व्होल्शियनांचा सेनापती ऑफिडियस शेवटी त्याला फक्त एक शब्द मारतो: पोरगा. रडवा पोरगा. बाकी देशद्रोही वगैरे आरोपही आहेतच, पण तो उसळतो तो या शब्दावर. कोरिओलीत मी एकट्याने केलं, असं ओरडतो, तेही कोरिओलीत ज्यांची माणसं त्याने मारली त्या व्होल्शियन लोकांमध्ये उभं राहून. ते त्याला तिथेच कापतात.

---

एक_निवृत्त

मी साहित्याचा अभ्यासक नाही, फौजेतून निवृत्त झालो आहे. ऑथेल्लो मात्र बऱ्याचदा वाचलंय. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पहिली, इयागोची तक्रार. पहिल्याच प्रवेशात तो बोलतो की बढती आता ज्येष्ठतेने होत नाही, चिठ्ठीने आणि वशिल्याने होते. ज्याने मैदानावर कधी तुकडी उभी केली नाही, पुस्तकं वाचून हिशेब करणारा, तो कॅसिओ नायब झाला आणि मी निशाण धरणाराच राहिलो. खलनायक म्हणून हे वाचून पुढे जाऊ नका. ही चिडचिड कुठल्याही छावणीत ऐकायला मिळते आणि ज्याने ती ऐकली आहे त्याला इयागो फार ओळखीचा वाटतो. त्याचं पुढचं वागणं माफ होत नाही, पण तो आकाशातून पडलेला नाही.

दुसरी, चौकशी. दारूच्या रात्री मारामारी होते तेव्हा ऑथेल्लो कॅसिओला विचारतो, सायप्रसचा आधीचा कारभारी माँटानो याला विचारतो, इयागोला विचारतो आणि जागच्या जागी निकाल देतो: माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण यापुढे तू माझा अधिकारी नाहीस. पलटणीत शिस्त राखायची तर असं करावं लागतं, तिथे मी त्याला दोष देणार नाही. पण बायकोच्या बाबतीतही तो तेच करतो. चौथ्या अंकात तो एमिलियाला, म्हणजे इयागोच्या बायकोला आणि डेस्डेमोनाच्या सखीला, विचारतो, ती शपथेवर सांगते की डेस्डेमोना निष्कलंक आहे. ही एकमेव साक्षीदार, सतत तिच्याजवळ असलेली. तो तिचं ऐकत नाही. कारण इयागो सोबत लढलेला आहे, आणि सोबत लढलेल्या माणसाच्या शब्दावर तुम्ही जीव टाकता, तसं टाकावंच लागतं, नाहीतर लढता येत नाही. हा विश्वास मूर्खपणाचा नाही. तो चुकीच्या जागी वापरला गेला.

तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो आणि इयागो दोघे गुडघे टेकून शपथ घेतात आणि ऑथेल्लो म्हणतो, आता तू माझा नायब. बायकोला मारायच्या बेतात त्याने बढती दिली! हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

---

कृष्णाकाठ

@एक_निवृत्त, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. साक्षीचा मुद्दा कुठल्या समीक्षेत वाचल्याचं आठवत नाही.

---

दिवेलागण

सातवा अंक यांनी व्हॉलम्नियाबद्दल लिहिलं म्हणून पुढचं लिहिते. या नाटकांतल्या बायकांकडे पाहिलं की वीरपणाची किंमत कोण भरतं ते कळतं.

सायप्रसला उतरल्यावर ऑथेल्लो डेस्डेमोनाला पहिली हाक मारतो ती 'माझ्या सुंदर योद्ध्या' अशी. त्याच्याजवळ प्रेमाचा याहून मोठा शब्द नाही. पुढे तो तिच्यावर डाफरतो तेव्हा ती एमिलियाजवळ स्वतःलाच दोष देते, मीच वाईट योद्धा, मनातल्या मनात त्याच्यावर खोटा आळ घेत होते, म्हणते. तिने त्याची भाषा उचलली आहे! तिच्या अंगावर ती पदवी घातली गेली आणि त्या पदवीच्या शिस्तीने ती स्वतःचा न्याय करते.

लेडी मॅकबेथला नवऱ्याची नस बरोबर माहीत आहे. राजाच्या खुनापासून तो मागे सरतो तेव्हा ती पाप-पुण्यावर एक शब्द बोलत नाही, त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. पुरुषाला शोभेल ते सगळं करायची माझी हिंमत आहे, त्याहून जास्त करील तो पुरुषच नव्हे, असं तो उत्तर देतो. किती चांगलं उत्तर आहे! ते त्याला धरून ठेवता आलं नाही, कारण दिवसभर त्याची वाहवा झाली होती ती त्याहून जास्त केल्याबद्दलच.

आणि मॅकडफ, मॅकबेथविरुद्ध उठलेला सरदार. मॅकबेथने त्याची बायको-मुलं मारल्याची बातमी येते तेव्हा डंकनचा मुलगा माल्कम त्याला म्हणतो, मर्दासारखा सामना कर. मॅकडफ म्हणतो, करीन, पण मर्दासारखं मला हे सोसलंही पाहिजे. या सगळ्या नाटकांत लढवय्याच्या तोंडी मला आवडलेलं हे एकच वाक्य. शेक्सपिअरला दुसरा रस्ता माहीत होता, आणि मॅकबेथला मारायला त्याने निवडला तो हाच माणूस.

---

पडद्यामागचा

सगळ्यांचे आभार. @दिवेलागण, मॅकडफबद्दल पूर्ण सहमत, पण त्याच नाटकाचा शेवट मला तुमच्याइतका दिलासा देत नाही.

मॅकबेथ पाचव्या अंकात चिलखत मागतो. त्याचा सेवक सेटन सांगतो, अजून गरज नाही. तो म्हणतो, तरी घालीन. वैद्य राणीच्या आजाराबद्दल बोलतोय आणि हा मधेमधे चिलखत चढव म्हणून ओरडतोय, मग काढ म्हणतो, मग मागून घेऊन ये म्हणतो. खुनाच्या रात्रीपासून त्याला झोप नाही, भुतं दिसतायत, आणि आता समोर खरं सैन्य येतंय तेव्हा त्याचा आवाज पुन्हा पहिल्या अंकातल्या सेनापतीचा होतो. निदान चिलखत अंगावर असताना मरू, म्हणतो.

ऑथेल्लोचंही तेच. शेवटच्या प्रवेशात माँटानो त्याची तलवार काढून घेतो आणि तो म्हणतो, आता मी शूरही राहिलो नाही, कोणीही येऊन माझी तलवार नेतो. मग खोलीतून दुसरी काढतो, स्पेनची, बर्फाच्या ओढ्यात पाणी दिलेली, तिचं कौतुक करतो आणि स्वतःच म्हणतो की आता ऑथेल्लोच्या छातीवर कोणी काडी उगारली तरी तो मागे सरेल. तीही काढून घेतात. तेव्हा लपवलेल्या तिसऱ्या शस्त्राने तो स्वतःला मारतो, आणि मारताना गोष्ट सांगतो ती अलेप्पोत एका तुर्काला मारल्याची. बुडालेलं युद्ध त्याने त्या खोलीत परत आणलं, आणि त्यातला तुर्कही तोच झाला. कृष्णाकाठ यांनी लिहिलेली नागरिकता इथे शेवटची वापरली गेली.

आता मॅकबेथच्या शेवटाकडे. माल्कमच्या मदतीला आलेल्या म्हाताऱ्या सिवर्डला मुलगा लढाईत पडल्याचं सांगतात. मेला ना, एवढी खात्री करून तो लगेच विचारतो: जखमा समोरून होत्या ना? हो, समोरून. मग तो देवाचा शिपाई. माल्कम म्हणतो, त्याच्यासाठी याहून जास्त दुःख करायला हवं, ते मी करीन. बाप म्हणतो, याहून जास्त त्याची लायकी नाही. हा जिंकलेल्या बाजूचा, चांगला माणूस. नवं राज्य सुरू होतंय आणि बाप मुलाच्या जखमा कोणत्या बाजूला आहेत ते विचारतोय. व्हॉलम्निया २५ आणि २७ मोजते ते आणि हे वेगळं कसं? मला तरी फरक सापडत नाही. माल्कम लगेच सरदारांना नव्या पदव्या वाटायला लागतो, लढाईबद्दलच्या, जशी डंकनने मॅकबेथला वाटली होती.

'अँटनी आणि क्लिओपात्रा' या शेक्सपिअरच्याच नाटकातल्या अँटनीवर अजून कोणीच लिहिलेलं नाही. चौथ्या अंकात क्लिओपात्रा त्याला चिलखत चढवायला मदत करते आणि तिला बक्कल कुठे लावायचं ते कळत नाही, तो प्रवेश आणि त्याच अंकात पुढे तो आपला सेवक इरॉस याच्याकडून चिलखत उतरवून घेतो तो प्रवेश, दोन्ही वाचून या. त्यावर वेगळा धागा काढतो.